पर्पाबाईचा नववा बुधवार

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत पर्पेच्युआ राहायची. हे नाव चाळीतल्या बायकांच्या जिभेवर कधी बसलं नाही. कुणी 'परपेचबाई' करून बघितलं, कुणी नुसतंच 'अहो मड्डम' म्हणून हाक मारली. "लुगडं नेसणारी मड्डम कुठं बघितलीस गं?" असं म्हणून ती हसायची, आणि ती हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. शेवटी 'पर्पाबाई' यावर सगळ्यांची तडजोड झाली.

अंगाने भरलेली, गुडघे दुखरे. चर्चला ती देऊळच म्हणायची, आणि आवाज त्या देवळातल्या गाण्यांवर पोसलेला. तिचे वाडवडील परळचेच. गिरण्यांची धुराडी उभी राहण्याआधी तिथे भातशेती होती, तेव्हापासूनचे. त्यामुळे घाटावरून नाहीतर कोकणातून आलेल्या शेजाऱ्यांना ती मोठ्या थाटात 'पाहुणे' म्हणायची आणि पाहुण्यांसारखंच खाऊपिऊ घालायची. स्वतःचं मूल नव्हतं. भाऊ आणि भावजय एका वर्षात गेली तेव्हा त्यांचा ज्यो सहा वर्षांचा होता. त्याला तिने काखोटीला मारून घरी आणलं. तो आता तेवीस वर्षांचा होता, गिरणीत कामाला लागला होता आणि चाळीच्या संघाचा कॅप्टन होता.

संघ हुतुतूचा. पोरं आता कबड्डी म्हणत, पर्पाबाई हुतुतूच म्हणे. लहानपणापासून तिला त्या खेळाचं वेड. लग्नाच्या वेळी इग्नेशियसचं स्थळ आलं तेव्हा मुलगा फिटर आहे, पीत नाही, देवळात न चुकता जातो, हे सगळं आईने सांगितलं आणि ती ऐकून घेत राहिली. "आणि हुतुतूचा पंच आहे म्हणे," असं आई शेवटी म्हणाली तेव्हा तिने होय म्हटलं. पंचाची बायको झालं की जन्मभर पुढच्या रांगेत बसून सामने बघता येतील, एवढाच तिचा विचार. पंचाच्या बायकोला कुणाच्याच बाजूने ओरडता येत नाही, हे तिला लग्नानंतर कळलं. पंचवीस वर्षं ती पदराचा बोळा तोंडात धरून सामने बघत आली होती.

इग्नेशियस तिच्या अगदी उलट. काटकुळा आणि कमी बोलणारा. त्याची एक रीत साऱ्या गिरणगावाला ठाऊक होती. चढाई करणारा गडी पकडीत सापडला, चारजण त्याच्यावर कोसळले, की हा सरळ मातीत पोटावर आडवा व्हायचा आणि त्या ढिगाऱ्यात डोकं खुपसून ऐकायचा. गड्याने 'कबड्डी, कबड्डी' हा एका श्वासाचा दम न तोडता मधली रेषा गाठायची असते. दम आधी सुटला तर तो बाद. गर्दीच्या ओरड्यात तो ऐकायला दुसरा उपाय नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पांढऱ्या पॅन्टवरची तांबडी माती धुता धुता पर्पाबाईचे हात भरून यायचे.

"बाकीचे पंच उभ्याने बघतात रे!" ती म्हणायची. त्यांच्या लोकांत नवराबायको एकमेकांना अरेतुरेच करत. चाळीतल्या बायकांना सुरुवातीला त्याची फार मौज वाटली होती.

"ते बघतात. मी ऐकतो," तो म्हणायचा.

सामन्याच्या दिवशी तो कुणाच्या घरचा चहा घेत नसे. कन्फेशनला, म्हणजे जाळीआड पापं कबूल करायला गेला की फादरना सामन्यांतल्या चुका सांगे. "लोअर परळच्या सामन्यात एक गडी चुकून बाद दिला, फादर." "ते पाप नाही रे बाबा, चूक आहे." "पण शिट्टी मारल्यावर लगेच मला शंका आली होती. लोक ओरडतील म्हणून गप्प राहिलो." यावर म्हातारे फादर म्हणाले, "मग पाप आहे." हे सगळं घरी येऊन तोच पर्पाबाईला सांगायचा, आणि ती कपाळाला हात लावायची.

छप्पन साली लालबाग-परळात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, तेव्हा कुणीतरी उठवून दिलं की ख्रिस्ती लोकांना मुंबई वेगळी हवी आहे. चाळीतल्या चारपाच पोरांनी जिन्यात इग्नेशियसला अडवलं. "पंच, खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"माझा आजा परळच्या शेतात बैलांना मराठीत शिव्या द्यायचा," इग्नेशियस म्हणाला. "मी तुम्हांला दुसऱ्या कुठल्या भाषेत देऊ?"

पोरं हसत बाजूला झाली. त्यानंतर तो प्रश्न त्याला कुणी विचारला नाही.

साठ साल उजाडलं. एक मेला महाराष्ट्राचं राज्य होणार, मुंबईसकट, हे नक्की झालं आणि गिरणगावाच्या अंगात आनंद मावेना. त्या आनंदातच कबड्डीचे मोठे सामने ठरले. अंतिम सामना एक मे, रविवार, संध्याकाळी. सामन्यांच्या समितीचे अध्यक्ष अच्युतराव, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, कचेरीतून निवृत्त झालेले, धोतराची निरी कधी न मोडणारे गृहस्थ. साऱ्या मुंबईत 'पर्पेच्युआबाई' असं पूर्ण नाव घेणारे तेवढे एकच.

अंतिम सामन्याला लालबागचा संघ आला आणि समोर कॉटन ग्रीनचा. लालबागचा कॅप्टन ज्यो. इग्नेशियसने स्वतःच अच्युतरावांना सांगितलं, घरचा मुलगा आहे, मला घेऊ नका. तर कॉटन ग्रीनवालेच अडून बसले. कापसाच्या गुदामात गासड्या उचलणारा त्यांचा कॅप्टन दगडू म्हणाला, "गेल्या सालाला ह्यांनी ज्योला दोनदा बाद दिला. दुसऱ्या पंचानं दिला असता का? आमाला हेच पायजेत." झालं, ठरलं.

आता घोटाळा झाला तो असा.

त्यांच्या देवळात बुधवारी संध्याकाळी मारिया माऊलीचा नोव्हेना असे. नऊ बुधवार न चुकता जायचं, आणि मनात जे मागणं असेल ते कागदावर लिहून, नाव न घालता, दाराजवळच्या पेटीत टाकायचं. पुढच्या बुधवारी फादर त्यांतले काही अर्ज सगळ्यांपुढे वाचत आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करत. हिंदू बायकाही येत. शेजारची कौसल्या, मालवणची, लेकीचं लग्न जमावं म्हणून पर्पाबाईबरोबर येऊ लागली होती. पर्पाबाईने राखेच्या बुधवारापासून, म्हणजे उपासकाळ लागला त्या दिवसापासून, सुरुवात केली होती ती गुडघ्यांसाठी. पण मधे संघ एकेक सामना जिंकत वर चढला, आणि आठव्या बुधवारी तिला राहवलं नाही. देवळाच्या पायरीवर बसून तिने कागद लिहिला:

'माऊली, माझे गुडघे आता राहू देत. त्याऐवजी माझ्या भाच्याच्या हुतुतूच्या संघाला एक मेचा कप मिळू दे. माझा नवराच पंच आहे, त्याला नीट ऐकू येऊ दे. लालबागची एक गरीब बाई.'

लिहिताना तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मागण्या दोन होत्या, कागद एक होता. पण सत्तावीस एप्रिलच्या नवव्या बुधवारी तीच चार वाक्यं फादरच्या तोंडून, एकापाठोपाठ एक, भरलेल्या देवळात ऐकू आली तेव्हा पर्पाबाईला दरदरून घाम फुटला. फादर 'नवराच पंच आहे' इथे आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकांवर खुसखूस सुरू झाली. नाव नव्हतं हे खरं. पण लालबाग-परळात देवळात जाणारे हुतुतूचे पंच होते कितीजण?

त्यातून कौसल्येला हळू बोलता येत नसे. "अगे पर्पाबाय," ती म्हणाली, आणि वेदीपर्यंत ऐकू गेलं, "ह्यां तुझांच मां?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इग्नेशियस गिरणीत पोचण्याआधी बातमी पोचली होती. "काय पंच, कप पाठवला का वरून?" असं खात्याखात्यातून त्याला विचारलं गेलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पर्पाबाई वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होती आणि अर्धी चाळ खोकत होती. तो नेहमीच्या खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"खरं का, पर्पे?"

"काय?"

"अर्ज."

"तुला नीट ऐकू यावं म्हणून मागितलं मी. त्यात वाईट काय?"

"ते शेवटचं. त्याच्या आधी काय होतं?"

पर्पाबाईने मिरच्या खालवर केल्या. इग्नेशियसने खुंटीवरची शिट्टी काढली, खिशात घातली आणि आला तसा जिना उतरून गेला.

तासाभराने अच्युतराव धापा टाकत, खोकत वर आले. हातात तीच शिट्टी.

"पर्पेच्युआबाई, आपण हे काय करून बसलात! इग्नेशियस म्हणतात, माझ्या घराने बाजू घेतली, आता मी मैदानात उतरणार नाही. परळचा पंच कॉटन ग्रीनला चालत नाही. दादरचा आपल्या पोरांना चालत नाही. तीन दिवसांत मी पंच कुठून पैदा करू? मंडप उभा राहिला, पाहुण्यांना आमंत्रणं गेली!"

"बसा, पाणी घ्या," पर्पाबाई म्हणाली.

"पाणी नको, पंच द्या!"

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिला जेवण गेलं नाही. सामन्याचं एक दुःख होतंच. पण पंचवीस वर्षं त्या माणसाने मातीत लोळून जे नाव कमावलं होतं, ते तिने एका कागदाने हसण्याचा विषय करून टाकलं होतं. लोकांच्या तोंडी आता इग्नेशियस म्हणजे दम ऐकणारा पंच राहिला नव्हता. बायकोने देवाकडे वशिला लावलेला पंच झाला होता.

शुक्रवारी सकाळी देवळातली मिसा संपल्यावर ती कन्फेशनला गेली.

"फादर, आपली पोरं जिंकावीत म्हणून प्रार्थना करणं पाप आहे का?"

जाळीपलीकडे हसू दाबल्यासारखं झालं. अर्ज त्यांनीच वाचला होता. "समोरच्यांनीही केली असेल तर?"

"ते त्यांच्या देवाकडे करतील."

"देव किती आहेत, पर्पेच्युआ?"

"एकच," ती शाळेतल्यासारखी म्हणाली.

"मग त्याने काय करावं म्हणतेस?"

"त्याला आमच्या पोरांची ओळख जास्त आहे," ती पुटपुटली. "मी सातही जणांची नावं सांगितली आहेत."

"बरोबर. त्या बाजूची नावं त्याला ठाऊक नाहीत असं तुला वाटतं, ही तुझी चूक," फादर म्हणाले. "जिंकावंसं वाटणं पाप नाही. खेळणाऱ्याला वाटलंच पाहिजे. पण समोरचा माणूस तुला दिसेनासा झाला. तीन नमो मारिया म्हण. त्यांच्या कॅप्टनसाठी. नाव घेऊन, चेहरा डोळ्यांसमोर आणून."

पर्पाबाई गुडघ्यांवर बसली आणि तिच्या ध्यानात आलं की दगडूचा चेहरा तिला आठवतच नाही. तिने त्याला पाहिला होता तो लांबून, ज्योची मान काखेत दाबून धरलेला असताना. तेव्हाही तिचं लक्ष ज्योच्या मानेकडे होतं. आता न पाहिलेल्या माणसाचा चेहरा आणायचा कुठून?

दुपारी तिने नव्या मसाल्याची बाटली पिशवीत घातली, कौसल्येला बरोबर घेतलं आणि दोघी कॉटन ग्रीनला गेल्या. गुदामांच्या मागे चाळ होती. दगडूचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात त्याची आई, आनंदीबाई, तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज खडा.

"कोन पायजे?"

"मी लालबागहून आले. पंचाची बायको."

आनंदीबाईने सूप खाली ठेवलं. वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "चिठ्ठीवाली?"

"होय."

ती बाई अशी हसत सुटली की सुपातले तांदूळ उडाले. "आगं बया, आत ये! अशी हिमतीची बाई बघायचीच हुती मला. आनि ह्या पिशवीत काय? लाच आनलीस व्हय?"

"मसाला आहे. सामना झाल्यावर उघडा, हवं तर."

"आज रातच्याला उघडते," आनंदीबाई म्हणाली. "आनि मी काय गप बसले असंन व्हय? आमच्या खंडोबाला भंडारा बोललेय. वर तुमच्या माऊलीला बी मेनबत्ती लावून आले. म्हनलं, तिकडनं आडकाठी नको!"

आता हसायची पाळी पर्पाबाईची होती. कौसल्या डोळे पुसत म्हणाली, "देवाक झोप म्हणान नाय गे तुमच्यापायी!"

आत दगडू जेवत होता. दारापेक्षा रुंद माणूस, पण परक्या बायका बघून पोरीसारखा लाजला आणि घास तोंडात धरून बसला. पर्पाबाईने त्याला नीट बघून घेतलं: भुवईवरची जुनी खोक, गासड्यांच्या दोरखंडांनी निबर झालेले हात.

"पोरा, तुझ्यासाठी तीन नमो मारिया म्हणायचे आहेत मला," तिने सरळ सांगून टाकलं. "शिक्षा म्हणून."

दगडूने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. "म्हना की," तो म्हणाला. मग घास गिळून म्हणाला, "पंचास्नी सांगा. दुसरा कुनी आला तर आमी उतरनार न्हाई."

परतीच्या वाटेवर तिने तीनही प्रार्थना म्हटल्या. चेहरा आणायला काही त्रास पडला नाही. हनुवटीला भाताचं शीत चिकटलेलं होतं, त्यासकट तो समोर आला.

इग्नेशियस घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, मेणबत्तीसकट. तो किंचित हसला, पण मान हलवत राहिला.

"लोकांना चालेल गं. मलाच चालत नाही. तुला वाटतं, मी ज्योच्या बाजूने देईन म्हणून घाबरलो. उलट आहे. रविवारी प्रत्येक शिट्टीला मनात येणार, आता लोक म्हणतील बायकोचा नोव्हेना. मग मी काय करीन, ठाऊक आहे? जिथे जिथे शंका, तिथे तिथे ज्योच्या पोरांच्या विरुद्ध देईन. चांगलं दिसावं म्हणून. त्यांनी उन्हातान्हात दोन महिने घाम गाळला, आणि मी माझी लाज राखायला त्यांना बाद देणार."

पर्पाबाईला हे सुचलंही नव्हतं. तिने लाटणं बाजूला ठेवलं. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि घरी बसलास तर?"

"तर निदान मी अन्याय केला असं होणार नाही."

"दुसरा कुणीतरी करील. उभ्याने बघून. पण तुझ्या अंगाला काही लागणार नाही," ती म्हणाली. "म्हणजे हे खेळासाठी नाहीच, इग्नेस. तुझी पॅन्ट पांढरी राहावी म्हणून आहे."

इग्नेशियसने खाली स्वतःच्या पॅन्टकडे बघितलं.

"पंचवीस वर्षं मी ती माती धुतेय. कुरकुरले असेन. पण धुतली ना? रविवारी मळव. मी बसलेय इथे."

इग्नेशियस उठला. कोपऱ्यातल्या चपला त्याने पायांत सरकवल्या.

"आता कुठे?"

"शिट्टी अच्युतरावांकडे आहे," तो म्हणाला. "आणायला नको?"

एक मेला सकाळपासून लालबागच्या रस्त्यांवर पताका, सनया आणि गुलाल. कुणीही कुणाला पेढा भरवत होतं. संध्याकाळी मैदानाभोवती मुंगीला वाव नव्हता. माणसं गॅलऱ्यांवर, माणसं कौलांवर. बायकांसाठी एक बाजू दोरी लावून राखली होती. आनंदीबाई आपलं लटांबर घेऊन आली आणि कुणाला न विचारता पर्पाबाईच्या शेजारी बसली.

पहिलीच शिट्टी लालबागच्या बाजूने वाजली आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, "नोव्हेना!" सगळं मैदान खदखदून हसलं. इग्नेशियसने वर पाहिलं नाही. पण त्याचे कान लाल झालेले पर्पाबाईला दिसले. थोड्या वेळाने ज्योच्या एका गड्याला त्याने बाद दिलं आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला खेळ कळत होता. स्पर्श झाला नव्हता. ज्योने इग्नेशियसमामाकडे नुसतं बघितलं आणि खेळ पुढे सुरू केला.

मध्यंतरात इग्नेशियस एका बाजूला जाऊन एकटाच उभा राहिला. मग अंगठ्याने ओठांवर क्रूस काढून तो ज्योकडे गेला. दगडूलाही त्याने हाताने बोलावून घेतलं. काय बोलला ते तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही. ज्योने नंतर घरी सांगितलं. मामा म्हणाला होता, "मघाचा गडी मी चुकीचा बाद दिला. मला शंका होती आणि मी भ्यालो. तो गुण आता परत येत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून मी पुढे काही देणार नाही. फक्त तुम्हां दोघांना ठाऊक असावं."

दुसऱ्या डावात तो पहिल्यासारखा झाला. चार वेळा मातीत आडवा पडला. लोक "नोव्हेना" ओरडत राहिले, पण हळूहळू ते ओरडणं कमी झालं, कारण सामनाच असा रंगला की श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेवटच्या मिनिटाला लालबाग एका गुणाने पुढे होतं आणि चढाई दगडूची.

तो आला तो बैलासारखा आला. एकाला शिवला, वळला, आणि ज्योने त्याच्या पायांत झेप घेतली. वर दोघे पडले. दगडू तिघांना ओढत रेषेकडे सरकू लागला, हात पुढे, बोटं मातीत. इग्नेशियस धाडकन आडवा झाला आणि त्याचं डोकं ढिगाऱ्यात दिसेनासं झालं. पर्पाबाईने आनंदीबाईचा हात धरला होता की आनंदीबाईने तिचा, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

दगडूची बोटं रेषेवर पोचली. शिट्टी वाजली. कॉटन ग्रीनवाल्यांनी टोप्या उडवल्या.

इग्नेशियस उठला. तोंडावर, केसांत माती. त्याने हात उचलला तो लालबागच्या बाजूला. दगडू बाद. कप लालबागचा.

जो गलका उठला त्यात हसू नव्हतं. "नोव्हेना! नोव्हेना!" माणसं दोरीवर लोटली. अच्युतराव धोतर सावरत धावले. "इग्नेशियस, पुन्हा एकदा विचार करा, हात रेषेवर होता, सर्वांनी पाहिलं!"

"हात पोचला. पण दम आधी सुटला," इग्नेशियस म्हणाला. "मी ऐकलं."

"लोक काय म्हणतील!"

"म्हणू देत." हात खाली आला नाही.

पर्पाबाईने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच माणसांविरुद्ध हात उचलणारा इग्नेशियस तिला पाठ होता. तेव्हा परके टाळ्या वाजवत. आज खरं होतं ते घरच्यांच्या बाजूने होतं, आणि त्याला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. ज्योची पोरंसुद्धा घाबरून उभी होती.

शेजारून आनंदीबाई उठली. पदर खोचला, दोरी उचलून खाली वाकली आणि सरळ मैदानात शिरली. दगडू अजून मातीत बसला होता, गुडघ्यांत मान घालून. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

"दगड्या! वर बघ."

"आये, तू जा की..."

"वर बघ म्हनते. सुटला हुता का न्हाई?"

एवढा मोठा गडी, पण आईपुढे त्याचं काही चालेना. गलका आपोआप विरला. मागच्यांना पुढचे गप्प करू लागले.

"सुटला," दगडू म्हणाला.

"मोठ्यानं!"

"सुटला हुता, आये! वरनं दोघं पडलं तवाच सुटला. हात मागनं पोचला." मग तो उठला, अंगावरची माती झटकली आणि इग्नेशियसला म्हणाला, "मी बोलनारच हुतो. पर लई वाईट वाटलं ओ, पंच. जरा बसलो हुतो."

कुठूनतरी हसू फुटलं आणि साऱ्या मैदानावर पसरलं. ज्योने पळत येऊन दगडूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो पेलेना, दोघेही पुन्हा मातीत पडले. मग दोन्ही संघांनी मिळून दोघांना उचललं. अच्युतरावांना कप कुणाच्या हातात द्यायचा ते समजेना; शेवटी त्यांनी तो दोन्ही कॅप्टनांच्या मधे धरला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "घ्या, घ्या, असाच घ्या." नव्या राज्याचा जयजयकार झाला. आनंदीबाई परत येऊन बसली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण म्हणाली मात्र, "मसाला झ्याक हाय गं तुझा. परवाच कालवनात घातला."

घरी परतताना रस्त्यावर रोषणाई होती आणि माणसांची रीघ. इग्नेशियस आणि पर्पाबाई गर्दीतून हळूहळू चालत होते, तिचे गुडघे सांभाळत. मग त्याने विचारलं, "पर्पे, त्या शेवटच्या चढाईला तू काय मागत होतीस? खरं सांग."

पर्पाबाईने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला.

"काहीच नाही रे. मागायला गेले तर ज्योचं नाव येई, मग लगेच दगडूचं. आधी कुणाचं घ्यावं कळेना. शेवटी म्हटलं, तू तिथे खाली पडलाच आहेस, तूच काय ते ऐक."

इग्नेशियस थांबला. आणि मग तो हसायला लागला, आवाज करून, गदगदून. पंचवीस वर्षांत तिने त्याला असं हसताना दोनतीनदा पाहिलं असेल. लोक त्याला वळसा घालून जात होते, कुणी मागून ढकलत होतं, आणि हा मातीने माखलेला माणूस भर रस्त्यात उभा राहून हसतच होता. पर्पाबाईने त्याचा दंड धरला आणि त्याला कडेला ओढलं.

"चल रे," ती म्हणाली, "ज्यो येईल आता, सगळ्या पोरांना घेऊन. भात टाकायचाय."